तपासणी गावात, गोळी ६४ किलोमीटरवर

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, आणि राज्य एड्स नियंत्रण संस्थेचे अधिकारी यांस खुले पत्र

स. न. वि. वि.

आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मागच्या अंगाला एक छोटी खोली होती. दर महिन्याला ठरलेल्या बुधवारी तिथं आम्हाला एचआयव्हीच्या गोळ्या मिळायच्या. कागदोपत्री तिचं नाव लिंक एआरटी केंद्र (एआरटी म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारे औषधोपचार), आम्ही नुसतं ‘लिंक’ म्हणायचो. गेल्या दिवाळीनंतर तिथल्या समुपदेशक ताईंचं कंत्राट संपलं. जागा भरली नाही. मग एका बुधवारी दारावर कागद चिकटवलेला दिसला : ‘औषधांसाठी जिल्हा रुग्णालयात जावे.’ खाली सही नव्हती, तारीख नव्हती, किती दिवस तेही लिहिलेलं नव्हतं.

आम्ही अकरा जण त्या कागदासमोर उभे होतो. कुणी कुणाशी बोललं नाही. बाहेर एकमेकांना ओळख दाखवायची नाही, हा आमच्यातला न ठरवता पडलेला नियम आहे. आवाज चढवून विचारलं असतं, तर आधी कसली औषधं हे चारचौघांत सांगावं लागलं असतं. म्हणून पांगलो. त्या दिवशी तोंडून जे निघालं नाही, ते आज लिहिते आहे.

मी एचआयव्हीसह जगणारी बाई आहे. शिवणकाम करते, हंगामात शेतावर जाते. नवरा २००६ मध्ये गेला, तेव्हा माझी तपासणी झाली. त्या काळी सीडी फोर, म्हणजे रक्तातल्या आजाराशी लढणाऱ्या पेशी, २०० च्या खाली आल्याशिवाय गोळ्या सुरू होत नसत. आजार वाढायची वाट बघायची आणि मग औषध, अशी रीत होती. माझ्या २००८ मध्ये सुरू झाल्या. पहिल्या गोळ्यांनी माझे गाल बसले, पावलं बधिर झाली, पण मी जगले. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती, तिची तपासणी निगेटिव्ह आली होती. आज तिच्या लग्नाची बोलणी चालू आहेत, म्हणून या पत्राखाली माझं नाव नाही. त्याची मला लाज नाही, नाइलाज आहे.

सरकारने आमच्यासाठी काही केलं नाही, असं मी म्हणणार नाही. १ एप्रिल २००४ ला देशात मोफत एआरटी सुरू झाली ती अवघ्या आठ सरकारी रुग्णालयांत. मुंबईचं जे. जे. त्यातलं एक. आज देशात ७०० च्या आसपास एआरटी केंद्रं आहेत. २०१७ पासून सीडी फोर कितीही असो, तपासणी पॉझिटिव्ह आली की उपचार सुरू करायचे असं धोरण आलं. २०२० पासून आमच्यातल्या बहुतेकांना टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डॉल्युटेग्रॅव्हिर एकत्र असलेली एकच गोळी मिळते. दिवसातून एकदा, जेवणाआधी घ्या नाहीतर नंतर. फ्रिज लागत नाही, इंजेक्शन लागत नाही.

मग एवढी साधी झालेली गोळी माझ्या गावच्या दवाखान्यात का मिळत नाही?

माझ्या घरापासून प्राथमिक आरोग्य केंद्र, म्हणजे पीएचसी, सव्वा किलोमीटरवर आहे. तिथं गरोदर बाईची एचआयव्ही तपासणी होते. बोटाला सुई टोचतात, थेंबभर रक्त घेतात, थोड्या वेळात कळतं. संशय आला तर पक्क्या तपासणीला पुढे पाठवतात. म्हणजे ‘तुला हा आजार असू शकतो’ हे सांगण्याइतकी यंत्रणा तुम्ही माझ्या गावात आणली आहे. त्याच इमारतीत बीपीच्या गोळ्या मिळतात, शुगरच्या मिळतात. टीबीच्या गोळ्या तर आशाताई घरी येऊन देते आणि घेतल्या की नाही ते विचारून जाते. फक्त आमच्या गोळीला ६४ किलोमीटर जावं लागतं.

त्या दिवसाचा हिशेब सांगते. पहाटे ५.४० ची एसटी. ती चुकली तर पुढची साडेआठची, आणि तिने गेलं की केस पेपर काढेपर्यंत दुपारची सुट्टी होते. सिव्हिलमध्ये पोचल्यावर आमच्या उपचारांच्या नोंदीचं हिरवं पुस्तक जमा करायचं, वजन, समुपदेशन, डॉक्टर, मग औषधाची खिडकी. गर्दीच्या दिवशी दीडदोन वाजतात. परत यायला संध्याकाळ. मजुरीचे ३०० रुपये बुडतात, तिकीट आणि चहापाणी वेगळं. तब्येत स्थिर असलेल्यांना एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात असं तुमचंच धोरण आहे. पण साठा कमी असला की महिन्याच्याच हातात पडतात, एकदा तर पंधरा दिवसांच्या मिळाल्या होत्या. पंधरा दिवसांनी पुन्हा ५.४० ची एसटी.

एसटीत एचआयव्हीबाधितांना मोफत प्रवासाची सवलत आहे. ती देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, हे मी मनापासून मानते. पण सवलत घ्यायची तर कार्ड कंडक्टरच्या हातात द्यावं लागतं, आणि आमच्या मार्गावरचा कंडक्टर आमच्याच गावचा जावई आहे. मी महिलांचं अर्धं तिकीट काढते आणि गप्प बसते. माझ्याबरोबरच्या पुरुषांना पूर्ण तिकीट पडतं.

माझ्यापुरतं निभावतं, कारण माझे हातपाय चालतात. ज्यांचं निभत नाही त्यांच्यासाठी पुढचं लिहिते.

आमच्या भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या जातात आणि चैत्राच्या आसपास परततात. त्यात आमच्यातली एक जोडी होती. मुकादमाची उचल घेतलेली. बायको निघताना दोन महिन्यांच्या गोळ्या घेऊन गेली, तेवढ्याच मिळाल्या. त्या संपल्या तेव्हा ती तीन जिल्हे ओलांडून उसाच्या फडात होती. एक दिवस गैरहजर राहिलं की खाडा कापला जातो, आणि कुठे जायचं आहे हे मुकादमाला सांगायचं काय? जवळच्या शहरात एआरटी केंद्र होतं, पण आपल्या केंद्राची चिठ्ठी नसताना तिथं गोळी मिळते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती परत आली तेव्हा वजन ३४ किलो होतं आणि टीबी झालेला होता. आता तिच्यावर दुसऱ्या फळीची, म्हणजे पहिली लागू पडेनाशी झाल्यावर द्यायची, औषधं चालू आहेत. गोळ्या तिने टाळल्या नव्हत्या. त्या तिच्यापर्यंत पोचल्या नव्हत्या. तरी तिच्या कार्डावर ‘औषध अनियमित’ असं लिहिलं गेलं.

हा शेरा मला फार टोचतो. आम्हाला समुपदेशनात पहिल्या दिवसापासून शिकवलं जातं की महिन्यात दोन गोळ्या चुकल्या तरी धोका आहे, विषाणू औषधाला जुमानेनासा होतो. आम्ही मोबाइलला गजर लावून, पाव्हण्यारावळ्यांत, मयतीच्या घरीसुद्धा वेळ पाळतो. डबीवरचं लेबल खरवडून काढतो, गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून डबीत कापूस घालतो. एवढं करणाऱ्या माणसाच्या गोळ्या बस बंद पडल्यामुळे किंवा खोलीला कुलूप लागल्यामुळे चुकल्या, तर तो शेरा कुणाच्या कार्डावर जायला हवा?

गोळी नियमित मिळाली की रक्तातला विषाणू तपासणीत दिसणार नाही इतका कमी होतो, आणि मग शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. जगभरच्या अभ्यासांतून हे सिद्ध झालेलं आहे आणि तुमच्याच समुपदेशकांनी आम्हाला शिकवलं आहे. म्हणजे एका गावात गोळी वेळेवर पोचणं ही माझ्या एकटीची सोय नाही, पुढची लागण तिथंच थांबते.

आता एका अवघड गोष्टीबद्दल. गोळी गावातच द्या, या मागणीवर तुमचे अधिकारी एक उत्तर देतात, आणि ते खोटं नाही : ‘गावात औषध ठेवलं तर तुमचेच लोक घ्यायला येणार नाहीत. त्यांना लांबचं केंद्रच बरं वाटतं.’

हो, वाटतं. मीसुद्धा पहिली चार वर्षं मुद्दाम शेजारच्या जिल्ह्यात जात होते. गावच्या दवाखान्यातली शिपाईबाई माझ्या जावेची मैत्रीण, फार्मासिस्ट माझ्या भावाच्या वर्गातला. एका गरोदर मुलीचा रिपोर्ट आला त्या संध्याकाळी तो तिच्या सासूला ठाऊक होता, तिला स्वतःला दुसऱ्या दिवशी कळला. ती बाळंतपणाला माहेरी गेली ती परत नांदायला आली नाही. हे मी ऐकीव सांगत नाही, तिला माहेरच्या गाडीत बसवून देणारी मीच होते.

पण यातून निघणारा अर्थ मला मान्य नाही. तुमच्या दवाखान्यात गुपित राहत नाही, म्हणून आम्ही ६४ किलोमीटर जावं? गुपित फोडणं हा गुन्हा कुणाचा आणि त्याची पायपीट कुणाला? २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय कुणाची एचआयव्ही स्थिती उघड करायची नाही, असं तो सांगतो. वीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारी नेमायला सांगतो आणि राज्यात लोकपाल नेमायला सांगतो. इतक्या वर्षांत मी किती दवाखान्यांच्या भिंती पाहिल्या असतील. तक्रार अधिकाऱ्याच्या नावाची पाटी मला एकाही ठिकाणी दिसली नाही. पाटी नाही म्हणून तक्रार नाही, तक्रार नाही म्हणून शिक्षा नाही, आणि शिक्षा नाही म्हणून शिपाईबाई निर्धास्त.

शिवाय लाज वाढवतं ते वेगळेपण. वेगळी खोली, वेगळा वार, वेगळी खिडकी, वेगळ्या रंगाचं पुस्तक. आमच्या ‘लिंक’चा बुधवार अख्ख्या तालुक्याला माहीत होता. त्या दिवशी मागच्या दाराने जाणाऱ्या बाईकडे लोक कसे बघतात ते मी सोसलं आहे. पीएचसीच्या नेहमीच्या ओपीडीत, बीपीच्या बायकांच्या रांगेत, त्याच खिडकीतून साध्या कागदी पिशवीत मला गोळ्या मिळाल्या, तर मी कसली औषधं नेते हे कुणाला कळणार? वेगळं काढल्यामुळे आम्ही ओळखू येतो. रांगेत मिसळू द्या.

आणि ज्यांना तरीही लांब जायचं आहे त्यांना जाऊ द्या. मला हवी आहे ती निवड. आज ती नाही.

दुसरं उत्तर मिळतं ते असं की पीएचसीत तज्ज्ञ नाहीत. महोदय, माझ्यासारख्या स्थिर रुग्णाला दर महिन्याला तज्ज्ञ लागतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पासून हेच सांगितलं आहे : ज्यांची तब्येत स्थिर आहे त्यांना कमी वेळा बोलवा, तीन ते सहा महिन्यांची औषधं एकदम द्या, ती वाटायला प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी पुरेसे आहेत. दक्षिण आफ्रिकेत लुसिकिसिकी नावाचा गरीब ग्रामीण भाग आहे. तिथं २००३ ते २००६ या काळात छोट्या दवाखान्यांतल्या नर्सेसच्या हातून एचआयव्हीचे उपचार गावोगाव पोचवले गेले, आणि तेव्हा औषधं आजच्यापेक्षा कितीतरी किचकट होती. मोझांबिकच्या टेटे प्रांतात २००८ पासून रुग्णांनीच गट केले. दर महिन्याला गटातला एक जण केंद्रावर जातो, आपली तपासणी करून घेतो आणि सगळ्यांच्या गोळ्या घेऊन येतो. हे एका प्रशिक्षणात ऐकलं तेव्हा मला हसू आलं आणि भरूनही आलं. ‘लिंक’ बंद झाल्यापासून आमच्यातल्या चार बायका नेमकं हेच करतात, फक्त चोरून. एकीच्या पिशवीत चौघींची हिरवी पुस्तकं असतात, आणि खिडकीवर कोण बसलं आहे त्यावर गोळ्या मिळणार की ओरडा, हे ठरतं.

आपल्याकडेही हे करून झालेलं आहे. २०२० च्या लॉकडाउनमध्ये तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या गेल्या. माझ्या गोळ्या एका कार्यकर्त्याने मोटारसायकलवरून तालुक्यापर्यंत आणल्या. पोलिसांनी त्याला दोनदा अडवलं होतं. त्या काळात आमच्यापैकी कुणाचंही औषध तुटलं नाही. संकटात जमलं ते आता, रस्ते मोकळे असताना, जमत नाही याला मी अडचण म्हणणार नाही.

व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते बघायच्या तपासणीचंही तसंच. स्थिर माणसाला ती वर्षातून एकदा लागते. रक्त एका दिवसाच्या आत प्रयोगशाळेच्या हाती लागलं पाहिजे, एवढीच मेख. ग्रामीण रुग्णालयात रक्त घेऊन, तिथंच प्लाझ्मा वेगळा करून पाठवला तर माणसाला प्रवास नको. एचआयव्ही असलेल्या आईच्या सहा आठवड्यांच्या बाळाच्या टाचेतून काढलेले रक्ताचे थेंब तुम्ही कागदावर वाळवून प्रयोगशाळेत पाठवताच की. बाळाचं रक्त प्रवास करतं, तसं आमचंही करू शकेल.

देशात एचआयव्हीसह जगणारे सुमारे २५ लाख लोक आहेत, आणि राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची आहे. याच राज्यात १,८०० हून अधिक प्राथमिक आरोग्य केंद्रं उभी आहेत. नवीन इमारत कुणीच मागत नाही.

आमच्या मागण्या या :

१. आमच्या तालुक्यासह राज्यात बंद पडलेली लिंक एआरटी केंद्रं एका महिन्यात सुरू करा. समुपदेशकाची जागा रिकामी असेल तर तिथल्या प्रशिक्षित नर्सकडे ते काम लेखी सोपवा. समुपदेशकांचे पगार वेळेवर द्या. त्यांचं कंत्राट संपलं की त्यांच्याबरोबर पन्नास जणांचं औषध थांबतं.

२. ज्यांचा व्हायरल लोड दबलेला आहे त्यांना, त्यांनी मागितल्यास, घराजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून औषध द्या. मागितल्यासच. सक्तीने कुणाचं नाव गावच्या दवाखान्यात पाठवू नका.

३. स्थिर रुग्णाला किमान तीन महिन्यांच्या गोळ्या हातात द्या, ऊसतोड, वीटभट्टी आणि बांधकामावर बाहेरगावी जाणाऱ्यांना सहा महिन्यांच्या. वाटेत संपल्या तर राज्यातल्या कोणत्याही केंद्रात पुस्तक दाखवून मिळतील, हे हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येकाला सांगा. नोंदी संगणकावर आहेतच.

४. साठ्याची हमी द्या. जुलै २०२२ मध्ये औषधटंचाईमुळे आमच्यासारख्या लोकांना दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयासमोर महिनाभराहून जास्त दिवस ठाण मांडावं लागलं होतं. पुन्हा ती वेळ आणू नका. गावपातळीवर औषध न्यायचं तर प्रत्येक ठिकाणी जादा साठा हवा, नाहीतर आज एका ठिकाणी रिकामं कपाट आहे, उद्या शंभर ठिकाणी असेल.

५. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध सुरू करण्याआधी तिथल्या डॉक्टरपासून शिपाई आणि सफाई कर्मचाऱ्यापर्यंत सगळ्यांना गोपनीयतेचं प्रशिक्षण द्या आणि कायद्यातल्या तरतुदी समजावून सांगा. तक्रार कुणाकडे करायची त्या माणसाच्या पदाची आणि फोनची पाटी दर्शनी भिंतीवर लावा. हे आधी करा. हे न करता कपाटात गोळ्या नेऊन ठेवल्या, तर मी स्वतः त्या घ्यायला जाणार नाही.

६. लहान मुलं, गरोदर बायका, टीबी झालेले, औषध लागू न पडणारे यांच्यासाठी जिल्ह्याची एआरटी केंद्रं आहेत तशीच, किंबहुना जास्त बळकट ठेवा. आम्ही स्थिर लोक तिथल्या रांगेतून बाहेर पडलो की डॉक्टरांना त्यांच्याकडे बघायला वेळ मिळेल.

कायद्यात म्हटलं आहे की सरकार ‘शक्य तितक्या प्रमाणात’ तपासणी आणि एआरटी पुरवेल. २००४ मध्ये जे शक्य होतं ते आठ रुग्णालयांपुरतं होतं. दिवसाला एक गोळी, वर्षाला एक तपासणी, आणि हाकेच्या अंतरावर प्राथमिक आरोग्य केंद्र असताना आज काय शक्य आहे, ते तुम्हीच ठरवून आम्हाला लेखी कळवा.

मात्र उत्तर टपालाने पाठवायचा प्रयत्न करू नका. सरकारी शिक्क्याचं पाकीट घरी आलं की शेजारी विचारतात. ग्रामीण रुग्णालयाच्या त्या बंद दारावर जुना कागद अजून तसाच आहे. तो काढून तिथंच नवा लावा, आणि या वेळी खाली सही आणि तारीख असू द्या. माझ्या पुस्तकात पुढची तारीख बुधवारची आहे. एसटी स्टँडकडे जाताना मी तिथून वळून बघून जाईन.

आपली,
तालुक्यातली एक औषध घेणारी बाई